टोपलीतला फोन

पांढरी साडी वाळत नाही, हा आमच्याकडच्या आषाढाचा नियमच आहे. बाहेर दोरीवर टाकायचा प्रश्न नाही. घरात टाकली तर दुसऱ्या दिवशी तिला कुबट वास येतो. मग गॅस बारीक करायचा, वर तवा ठेवायचा आणि तव्यापासून हातभर उंच पदर धरून उभं राहायचं. काल संध्याकाळी विहारात नेसायची साडी वाळवत मी तशी उभी होते. एका हातात पदर, दुसऱ्या हातात फोन. फोनवर समुद्राचा नकाशा होता आणि त्यावर ज्या जागी मुलाच्या जहाजाचा हिरवा बाण असायला हवा, तिथे नुसतं निळं पाणी. परवा दुपारपासून तो बाण नाही. करपल्याचा वास आला तेव्हा पदर झटकन वर घेतला. काठाला चण्याएवढा पिवळा डाग पडला होता.

तेवढ्यात गुणाजीकाकांचा फोन आला. काका माझ्या माहेरच्या वाडीतले, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, ऐंशीच्या पुढचे. फोनवर ते पत्र सांगितल्यासारखं मोजकं बोलतात. जयभीम झालं, उद्या पुनव म्हणाले, वाचायला येतेस ना म्हणाले. मी येते म्हटलं. मग त्यांनी माझ्या मुलाची चौकशी केली. मी सांगितलं, बाण गेलाय. "मंग जरा लवकर ये," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्यात वर्षावास पाळतात. बुद्धाच्या काळी भिक्खू पावसाळ्यात हिंडणं थांबवून एका जागी राहत, तेव्हापासूनची ही रीत. आमच्या वाडीत भिक्खू नाहीत. अर्धे पुरुष मुंबईला, राहिलेले म्हातारे, बायका आणि लावणी उरकून पाठ धरलेली माणसं. ती तीन महिने रोज संध्याकाळी विहारात जमतात. आधी वंदना आणि पंचशील, मग वीस मिनिटं ध्यान, मग ग्रंथाचं वाचन. वाचणारं माणूस एकच, आणि एकदा त्याने वाचायला घेतलं की आश्विन पौर्णिमेच्या खिरीपर्यंत खाडा करायचा नाही. गेली पाच वर्षं ते माणूस मी आहे. माझा आवाज मोठा आहे म्हणून मला निवडलं, यात दुसरं काही कौतुक नाही. विहाराच्या भिंती जांभ्याच्या असल्या तरी वर पत्रा आहे. सर आली की त्या पत्र्याखाली मी करुणेवरचा उतारासुद्धा भांडायला उठल्यासारखी वाचते.

माझं शांत बसण्याशी तसं जमत नाही. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर आहे. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का, आणि मधे येणाऱ्या माणसावर आवाज, असे माझे दिवस जातात. सुमेध, माझा मुलगा, म्हणायचा की आई ध्यानाला बसली की घरातली भांडीसुद्धा घाबरून गप्प बसतात. काकांनी पहिल्यांदा श्वासाकडे बघायला शिकवलं तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच काम. श्वास आत आला, नोंद करा. श्वास बाहेर गेला, नोंद करा. आपण कागद वाचायचा नाही, अडवायचा नाही, नुसतं आला-गेला म्हणायचं. काका हसले होते. म्हणाले, बघू किती दिवस नुसती नोंद करतेस ते.

पुढे मला अभ्यासाची गोडी लागली. घरी बसून दोन वर्षांची बौद्ध तत्त्वज्ञानाची पदविका केली. दुःख कशातून उगवतं त्या साखळीच्या बारा कड्या मला एसटीच्या थांब्यांसारख्या पाठ झाल्या होत्या, कुठून सुटते, कुठे कुठे थांबते, कुठे पोचते. परीक्षेत एक प्रश्न होता, समचित्त असणं आणि पाठ फिरवणं यांतला फरक स्पष्ट करा. मी चार पानं लिहिली. पहिला वर्ग मिळाला. सुमेधच्या बाबांनी त्या दिवशी रिक्षा बंद ठेवून आंबोळ्या केल्या, कारण निकालाच्या नादात मी स्वयंपाकघराकडे पाठ फिरवली होती. ते रिक्षा चालवतात आणि ध्यानाला बसत नाहीत. मला रोज वाडीवर सोडतात आणि वाचन संपेपर्यंत बाहेर रिक्षात पडदे सोडून बसून राहतात. आत या म्हटलं तर म्हणतात, मला बाहेर बरं वाटतं.

तीन वर्षांपूर्वीचा तो वर्षावास मला त्या चार पानांवरून आठवतो, कारण त्यातलं एकही पान तेव्हा कामाला आलं नाही.

सुमेधला तेव्हा मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात लागून दोन वर्षं झाली होती. आपल्याकडे घरातलं एक माणूस बोटीवर असलं की सगळं घर जहाजांच्या नकाशावर राहायला जातं. फोनमध्ये ते ॲप असतं. प्रत्येक जहाज म्हणजे एक छोटा रंगीत बाण. मी सकाळी दात घासायच्या आधी बाण बघायचे. कार्यालयात दोन शिक्क्यांच्या मधे बघायचे. बाण जरा सरकला की चहा गोड लागायचा. त्याच्या लहानपणी असं काही नव्हतं. कोर्सला मुंबईला मामाकडे गेला तेव्हा गाडीतून उतरून घरी पोचला की तो तीन रिंगा देऊन फोन ठेवून द्यायचा. तीन रिंगा म्हणजे पोचलो. आपण उचलायचा नाही, बॅलन्स जातो. एकदा मी न राहवून उचलला तर बापलेक दोघंही माझ्यावर चिडले होते. पुढे चांगले फोन आले, चेहरा बघून बोलता यायला लागलं, आणि त्या तीन रिंगा आम्ही विसरून गेलो. मी तरी विसरले होते.

त्या श्रावणात एका शनिवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाला, सोमवारपासून आठ-दहा दिवस बाण दिसणार नाही. ज्या पट्ट्यातून जायचंय तिथे जहाजांवर हल्ले होतात, म्हणून जहाजं आपला ठावठिकाणा सांगणारं यंत्र मुद्दाम बंद ठेवतात. नेटही नसेल. घाबरू नकोस. हे सगळं त्याने कांदा चिरत असल्याच्या सुरात सांगितलं. मी म्हटलं, मी कशाला घाबरू, मी रोज बसते ना. तो म्हणाला, तेच बरं आहे, तू बसत जा. त्याच्या मागे कुणीतरी हसत होतं. सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी फोन उघडला तेव्हा बाण नव्हता.

वर्षावासात मी टीव्ही लावत नाही. तीन महिने बातम्या नाहीत, मालिका नाहीत, असा माझा नेम. मोठ्या तोऱ्यात मी तो शेजारणींना सांगतेही. त्या आठवड्यात हा नेम फारच सोयीचा वाटला. काही कळलंच नाही तर काही झालंही नाही, असा हिशेब मनात होता, पण त्याला मी साधना म्हणत होते. सुमेधचे बाबा त्या दिवसांत नीट जेवत नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय. मी त्यांना कोकमाचं सार करून दिलं आणि वर एक लहानसं प्रवचनही दिलं, की येणाऱ्या-जाणाऱ्या गोष्टींना धरून ठेवलं की पित्तच होतं. ते मुकाट्याने सार प्यायले.

गुरुवारची गोष्ट. विहाराच्या दाराशी एक स्टूल आहे आणि स्टुलावर बांबूची टोपली. आत येताना प्रत्येकाने आपला फोन आवाज बंद करून त्या टोपलीत ठेवायचा, हा काकांचा नियम. आवाज बंद असला तरी फोन थरथरतोच, आणि बांबूवर ती थरथर घर्र घर्र अशी चांगली ऐकू येते. बायकांना एकमेकींचे फोन त्या आवाजावरून ओळखू येतात. नियम असा की ध्यान चालू असताना कुणी उठायचं नाही. मी सगळ्यांच्या पुढे बसते, ग्रंथाच्या चौरंगाजवळ. माझ्या पाठीमागे पंचवीस-तीस माणसं.

त्या दिवशी पाऊस थांबलेला होता. पागोळ्या तेवढ्या पडत होत्या. ओल्या चटईचा, मेणबत्तीचा आणि कुणाच्या तरी केसांतल्या खोबरेल तेलाचा वास होता. डाव्या गुडघ्यावर एक डास बसला होता आणि मी त्याची नोंद घेत होते. श्वास आत. श्वास बाहेर. दहा मिनिटं झाली असतील. आणि टोपलीत घर्र झालं.

माझाच होता. माझ्या फोनच्या मागचं कव्हर सुटलंय, त्यामुळे तो जरा वेगळा वाजतो. मला लगेच कळलं. यावेळी मला कोण करणार? सगळ्यांना माहीत असतं मी कुठे असते. उठ, असं माझं सगळं अंग म्हणत होतं. दुसरी घर्र. पाठीमागे कुणीतरी हललं. त्यांनाही कळलं असणार कुणाचा आहे ते, आणि सगळ्यांना हेही ठाऊक होतं की माझा मुलगा कुठे आहे. आता ही बाई काय करते, हे पंचवीस माणसं डोळे मिटून बघत होती. निदान मला तसं वाटलं. आणि मी पाठ ताठ केली. चेहरा शांत केला. चेहरा शांत केला, हे मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण मन शांत झालं की चेहरा करावा लागत नाही. तिसरी घर्र झाली. मग काहीच नाही.

उरलेली दहा मिनिटं मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशीचं वाचनही मी केलं, आवाज न कापता. संपल्यावर दोघीजणी जवळ आल्या आणि म्हणाल्या, ताई, तुमच्याकडून शिकावं. मी हात जोडले. टोपलीतून फोन काढला तेव्हा त्यावर अधिकच्या चिन्हाने सुरू होणारा एक लांबलचक परका नंबर होता. विहाराच्या मागे जाऊन मी तो लावला. एक बाई कुठल्यातरी भाषेत काहीतरी म्हणाली आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. चिखलात चप्पल रुतली होती, ती तशीच सोडून मी तिसऱ्यांदा लावला.

रिक्षात बसल्यावर सुमेधच्या बाबांनी आरशातून बघत विचारलं, काही फोनबिन आला होता का? ते रोजच विचारायचे. मी म्हटलं, नाही.

का म्हटलं? त्याची कारणं मी पुढे पुष्कळ शोधली. त्यांना पित्त झालंय, उगाच काळजी नको, हे एक. पण खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. मुलगा संकटातून आईला फोन करतो आणि आई पंचवीस माणसांना शांत दिसावं म्हणून उठत नाही, हे त्या माणसाला सांगायची मला लाज वाटली. त्यांनी काही बोल लावला नसता, याची जास्त भीती होती.

त्यानंतरचे दिवस मी मोजले नाहीत, ते आपोआप मोजले गेले. रोज संध्याकाळी मी सगळ्यांच्या पुढे बसून पंचशील म्हणायचे. चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. मी पुढे म्हणायचे, मग सगळे मागून म्हणायचे, म्हणजे माझा आवाज सगळ्यांत आधी. चौथ्याला माझी जीभ जड व्हायची आणि मी मुद्दाम आणखी मोठ्याने म्हणायचे. घरी येताना आरशातून रोज तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर.

ध्यानात तर मी एक कारखानाच उघडला होता. डोळे मिटले की ती घर्र ऐकू यायची. मग मी तिला चेहरा द्यायचे. सुमेध जखमी आहे. सुमेध रडतोय. कुणीतरी त्याच्या हातून फोन हिसकावून घेतलाय, म्हणून तर तिसऱ्यानंतर थांबला. एकदा आई म्हणायचं होतं त्याला, तेवढंच. रोज नवा प्रसंग, रोज नवं रक्त. एका घर्र आवाजावर मी एवढा मजला चढवला आणि वर त्यालाच बसणं म्हणत राहिले. मनाचं हे शिवणकाम कसं चालतं यावर मी परीक्षेत उदाहरणासकट लिहिलं होतं. उदाहरणसुद्धा पुस्तकातलंच होतं.

पुढच्या बुधवारी वाचन संपल्यावर लोक पांगले. मी ग्रंथ पांढऱ्या कापडात गुंडाळत होते. पानांना बुरशी धरू नये म्हणून आम्ही आत कडुलिंबाचा पाला ठेवतो, तो बदलत होते. काका भिंतीला टेकून बसले होते. ते उमेदीत मुंबईला गोदीत माल उचलायचे. पाठ बघून कुणाच्या डोक्यावर किती वजन आहे ते सांगता येतं, असं ते नेहमी म्हणतात.

"तू श्वास बघत नायस, बाय," ते म्हणाले. "धरून बसलीस. मागनं पाठ दिसते ना माला."

मी पाला नीट लावत राहिले. पाल्याची दोन पानं खाली पडली, ती उचलून पुन्हा लावली.

"माला सांगू नको," काका म्हणाले. "ज्याचं हाय त्याला सांग. आणि त्या दिवशी उठली असतीस तर कोन काय म्हनलं नसतं. न उठना म्हंजे ध्यान नव्हं."

म्हणजे त्यांना गुरुवारपासून ठाऊक होतं. सहा दिवस हा म्हातारा माझी पाठ बघत होता. मला त्यांचा राग आला, आधी का नाही बोललात म्हणून, आणि तो राग घेऊनच मी रिक्षात बसले. उतारावर पावसाची सर आली. वायपर एका बाजूचाच चालत होता. त्यांनी आरशात बघून नेहमीचा प्रश्न विचारला, आणि मी म्हटलं, आला होता. गुरुवारी. मी उचलला नाही.

त्यांनी रिक्षा कडेला घेतली. इंजिन बंद केलं. पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. ते मागे वळले नाहीत. मी सगळं सांगितलं, लाज वाटली तेही सांगितलं. त्यांनी लाजेबद्दल एक शब्द विचारला नाही.

"गुरुवारी नक्की? बुधवारी नव्हे?"

मी म्हटलं, गुरुवारी, ध्यान चालू होतं, साडेसातच्या सुमाराला.

"किती वेळा वाजला?"

"तीन."

"तीनच? मग थांबला?"

मी हो म्हटलं. त्यांनी दोन्ही हात हँडलवर ठेवले आणि कपाळ हातांवर टेकलं. मला वाटलं, आता हे कोसळणार. ते म्हणाले, "अगं, तीन म्हणजे पोचलो."

मग त्यांनी काय लपवलं होतं ते मला सांगितलं. त्या बुधवारी, म्हणजे फोनच्या आदल्या दिवशी, त्याच पट्ट्यात एका जहाजावर हल्ला झाला होता आणि जहाजाला आग लागली होती. रिक्षास्टँडवर एकाने मोबाईलवर बातमी दाखवली. जहाजाचं नाव नव्हतं. सुमेधला नोकरीला लावणाऱ्या मुंबईच्या एजन्सीला ते रोज फोन करत होते. माहिती आली की कळवतो, एवढंच तिथून सांगत होते. मी टीव्ही लावत नाही म्हणून मला कळणार नाही, एवढा एकच आधार त्यांना होता. आठ दिवस ते ती आग पोटात घेऊन मला वाडीवर सोडत होते, पडदे सोडून बसत होते, आणि घरी येऊन माझं कोकमाचं सार पीत होते. पित्ताचं.

आणि आगीनंतर तो जिवंत असल्याची एकमेव खूण माझ्याजवळ होती. सहा दिवस मी तिच्यावर बसून होते.

मी त्यांच्यावर चिडले. मला का नाही सांगितलंत, म्हणून ओरडले. माझा आवाज पत्र्याखाली चालतो, रिक्षात तर काय. ते म्हणाले, तू तरी कुठे सांगितलंस. दोघंही खरे होतो आणि दोघंही वाईट होतो. मग ते काच पुसायच्या फडक्याने डोळे पुसायला लागले. ते फडकं डिझेलचं, डोळे आणखी चुरचुरायला लागले. मी त्यांना माझा पदर दिला. पांढऱ्या साडीला त्या दिवशी पडलेला काळा ओरखडा अजून गेलेला नाही.

घरी आल्यावर मी पुष्कळ शंका काढल्या. दुसऱ्या कुणाचा नंबर असेल. लागला नसेल म्हणून तुटला असेल. ते जेवत होते. आठ दिवसांनी नीट जेवत होते. म्हणाले, तीन वाजला ना? झालं तर मग. ज्या माणसाने कधी डोळे मिटून श्वास बघितला नाही त्याने तीनला तीन म्हटलं होतं. मी तीनच ऐकलं होतं आणि त्याचं काय काय करून ठेवलं होतं. जे आहे ते जसं आहे तसं बघणं, यालाच ना ती एवढी जाड पुस्तकं प्रज्ञा म्हणतात? मी ते वाक्य अधोरेखित करून ठेवलं आहे, लाल पेनाने.

तरीही मला त्यांच्यासारखी खात्री वाटली नाही, हे कबूल करते. शुक्रवारी दुपारी टेबलावर एक माणूस अर्जाची पोच मागत उभा होता आणि मी सवयीने फोन उघडला. हिरवा बाण परत आला होता. पट्ट्याच्या बाहेर, मोकळ्या समुद्रात. मी त्या माणसाच्या अर्जावर आवकऐवजी जावकचा शिक्का मारला. तो काही बोलायला लागला, पण माझा चेहरा बघून थांबला आणि त्याने मला पाणी आणून दिलं.

सुमेध चार महिन्यांनी घरी आला. मी त्याला आल्या आल्या विचारलं नाही. सुरमई तळत होते, तो ओट्याला टेकून उभा होता, तेव्हा विचारलं. तो म्हणाला, आग दुसऱ्याच जहाजाला लागली होती, पण दुसऱ्या दिवशी कॅप्टनने जहाजावरच्या फोनवरून प्रत्येकाला एक मिनिट दिलं होतं. त्याच्यामागे अकराजण रांगेत होते. घड्याळ बघून त्याने हिशेब केला की आई यावेळी बसलेली असणार, उचलणार नाही.

"उचलला असतास तर मी रडलो असतो," तो म्हणाला. "अकराजणांसमोर. म्हणून तीनच दिल्या. बाबांना कळेल माहीत होतं."

मला कळेल असं तो म्हणाला नाही. मी मासे परतले. एक तुकडा तुटला, तो मीच खाल्ला.

ही तीन वर्षं मी बसते आहे. शांत झाले असं म्हणणार नाही. आवक-जावकच्या टेबलावर विचारा, ते सांगतील. गुडघे मात्र जास्त दुखतात. परीक्षेतल्या त्या प्रश्नाचं उत्तर आज मला चार ओळींतही लिहिता येणार नाही. पाठ ताठ ठेवून बसलेली मी त्या गुरुवारी कुणाला समचित्त दिसले आणि कुणाकडे पाठ फिरवून होते, ते कुठल्याही परीक्षकाला माझ्याकडे बघून सांगता आलं नसतं.

गेल्या महिन्यात सुमेध पुन्हा निघाला. रस्ता तोच. हल्ले मधे थांबले होते, आता पुन्हा सुरू झाले आहेत. या वर्षी मी बातम्या बघते, सुमेधच्या बाबांच्या शेजारी बसून, आणि जे ऐकलं ते दोघांनी ऐकलंय याची खात्री करून मगच टीव्ही बंद करते. स्टेशनवर सुमेध म्हणाला होता, बाहेर पडलो की तीन. परवापासून बाण नाही. काल रात्री त्यांनी भात पानात टाकला, मी काही म्हटलं नाही. प्रवचन तर अजिबात दिलं नाही.

आज आषाढी पौर्णिमा. काकांनी सांगितलं तशी लवकर गेले. काठाला पिवळा डाग, पदराला काळा ओरखडा, अशा साडीने मी चौरंगाजवळ बसले. फोन टोपलीत ठेवला, नियमाप्रमाणे. पंचशील झालं, चौथं नीट म्हटलं. डोळे मिटले. बाहेर रिक्षाच्या पडद्यांवर पाऊस वाजत होता, तो मला आतून वेगळा ऐकू येतो. श्वास आत. भीती होती, तिचीही नोंद केली. श्वास बाहेर. किती वेळ गेला कळलं नाही.

टोपलीत घर्र झालं. सुटलेल्या कव्हरचा आवाज.

मी हलले नाही. दुसरी झाली. कुणाचाही असू शकतो, बँकेचा असेल, कार्यालयाचा असेल. तिसरी झाली. मी चौथीची वाट बघत राहिले. पत्र्यावरून पाणी ओघळत होतं. चौथी आली नाही.

मग मी उठले. गुडघ्यांनी कटकट आवाज केला. पंचवीस-तीस माणसं डोळे मिटून बसली होती, काकांचा एक डोळा अर्धवट उघडा होता. मी टोपलीवरून पुढे गेले, फोनला हात लावला नाही. पायात चप्पल न घालता अंगणातून भिजत रिक्षापाशी गेले आणि पडदा बाजूला केला. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले होते. एवढ्या वर्षांत ते पडद्याआड काय करतात ते मी कधी पाहिलं नव्हतं.

"तीन," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. सीटवरचं फडकं उचललं, त्याचा वास घेऊन परत ठेवलं आणि डोळे शर्टाच्या बाहीला पुसले. मला म्हणाले, जा आता आत, वाचायचंय तुला. मी ओल्या पायांनी आत आले आणि माझ्या जागेवर बसले. ध्यानाची सहा-सात मिनिटं अजून बाकी होती.